'दोष नाही'

आमच्या कारखान्यात कानाची मशिनं तयार होतात. दरवर्षी सहा इंटर्न येतात आणि त्यांचा पहिला आठवडा माझ्या ताब्यात असतो. त्या आठवड्यात पुस्तक नाही, संगणक नाही. तळमजल्यावरच्या दुरुस्तीच्या खिडकीत बसायचं आणि मशीन घेऊन येणाऱ्या माणसाशी बोलायचं. आपण कोणासाठी राबतो ते आधी कळावं, बाकीचं नंतर.

यंदा हा आठवडाच बंद व्हायची वेळ आली. भरतीचं काम पाहणाऱ्या बाईंना त्याऐवजी दोन तासांची चित्रफीत दाखवायची होती आणि कंपनीच्या ध्येयाचा फलक सगळ्यांकडून वाचून घ्यायचा होता. बाई वाईट नव्हत्या. हुशार मुलं खिडकीला कंटाळून दुसरीकडे जातात, हे त्यांचं म्हणणं, आणि गेल्या वर्षी तिघं गेलीही होती. शुक्रवारी या तुकडीला विचारून काय ते ठरवू, असं मोठे साहेब म्हणाले.

तुकडीत कॉलेजात पहिली आलेली एक मुलगी होती. कामाचा उरक असा, की सोमवारी दुपारीच बाकीच्यांनी तिचं नाव 'एक्सप्रेस' ठेवलं. मशीन तपासणीच्या पेटीत ठेवायचं, आकडे बघायचे, ठीक असले की चिठ्ठीवर 'दोष नाही' असा शिक्का मारून परत द्यायचं. तिने तासाभरात रांग संपवली.

मंगळवारी एक शिंपीकाका आले. शिक्का. बुधवारी पुन्हा आले, पुन्हा शिक्का. गुरुवारी त्यांनी मशीन तिच्यापुढे ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "पोरी, मशीनला काही झालेलं नाही, हे पटलं मला. ऐकू येत नाही ते मला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला अंदाज होता, पण उत्तर हातात दिलं की शिकणं तिथेच थांबतं. मी एवढंच विचारलं, "कुठे ऐकू येत नाही, ते विचारलंस का?"

तिने विचारलं नव्हतं. आमच्या तपासणीच्या पेटीत चिटपाखरूही नसल्यासारखी शांतता असते. माणसं तशा शांततेत राहत नाहीत. तिने मशीनचा आवाज जुळवायचा, खिडकीतला लॅपटॉप उचलला आणि ती काकांच्या मागोमाग निघाली.

चारला परतली तेव्हा बाहीला दोरे चिकटलेले होते. दुकानात शिलाईची तीन यंत्रं घरघरत होती. मागून सून मापं सांगायची आणि काका अंदाजाने लिहायचे. निम्मा दिवस उसवण्यातच जायचा, असं सून म्हणाली. एक्सप्रेस तिथेच बसून मशीनमध्ये घरघर दाबत गेली, बोलणं उचलत गेली. शेवटी सुनेने मागून माप सांगितलं आणि काकांनी मान न वळवता ते बरोबर म्हणून दाखवलं.

शुक्रवारी बाईंनी तिलाच विचारलं, इतक्या हुशार मुलीचा आठवडा वाया गेला असं नाही का वाटत? तिने खिडकीत जमा झालेल्या तेवीस चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. सगळ्यांवर शिक्का.

"हे सगळे माझ्या हातून तसेच परत गेले," ती म्हणाली. "फोन करून उपयोग नव्हता, म्हणून आज सकाळी दोघांच्या घरी जाऊन आले. दोघांचीही मशिनं डब्यात पडून आहेत. फलक मी सोमवारीच पाठ केला होता, साहेब. शिक्का तरीही मारलाच."

साहेबांनी शिक्का हातात घेऊन विचारलं, हा कोणी करवून घेतला? मी हात वर केला. फार वर्षांपूर्वी, रांग लवकर हलावी म्हणून, मीच. पण लाज वाटायच्या आधी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. माझी चूक माझ्याच विद्यार्थिनीने शोधली होती, तीही माझ्याच खिडकीत बसून.

खिडकी राहिली. बाईंनी त्यात आपली भर घातली: पुढच्या वर्षीपासून मुलाखतीला येणाऱ्याने आधी तासभर खिडकीत बसायचं, गुणपत्रिका मग दाखवायची. "ज्यांना कंटाळायचं आहे ते आधीच कंटाळू देत," त्या म्हणाल्या.

आता चिठ्ठीवर छापील प्रश्न आहे: कुठे ऐकू येत नाही? ती मुलगी कायमची इथली झाली आहे. तिच्या खिडकीपुढची रांग हलायला तीन तास लागतात. नाव मात्र अजून एक्सप्रेसच आहे.