पहिला नमुना

चांगलं यंत्र तुम्ही मोडलंत, साहेब. ग्राइंडर वेल्डरणीच्या हातात होता, कबूल. पण तो हात तुमच्या पत्राने हलवला. खुर्चीत बसून तुम्ही दोन ओळी लिहिल्यात आणि मोकळे झालात. त्या ओळी ज्या शेडमध्ये येऊन पडल्या तिथे पुढे काय झालं, ते आता गप्प बसून ऐका.

बाजारामागे पत्र्याची शेड आहे. तिथे वेल्डरीण आणि तिचे सासरे फाटकं, नांगराचे फाळ, ट्रॉलीचे दांडे, जे मोडेल ते जोडून देतात. सासऱ्यांनीच तिचा हात घडवला. छोट्या कारखान्यांनी शेतीसाठी नवी यंत्रं शोधावीत म्हणून तुमची योजना निघाली, तेव्हा तिने अर्ज केला. उपटलेल्या भुईमुगाच्या शेंगा बायका एकेक करून हाताने तोडतात. नखं उलटतात, बोटं चिरतात. तिला ते काम यंत्रावर आणायचं होतं. पहिला टप्पा मंजूर झाला. तिने यंत्र बनवलं, तुम्ही सांगितलंत तसा त्याच्या फिरत्या ढोलावर नंबर कोरला, चारही बाजूंनी फोटो काढून पाठवले.

ते यंत्र भिकार होतं. दांडा गुडघ्याच्या उंचीवर, ओणवं होऊन फिरवायचा. ढोलावरच्या खुंट्या चौकोनी, त्यांनी शेंगा फुटायच्या. वेल्डरणीच्या धाकट्या जावेने ते दिवसभर चालवलं आणि दुसऱ्या दिवशी तिला सरळ उभं राहता येईना.

“ताई, यापेक्षा उलटलेली नखं बरी,” ती म्हणाली. “हे शेंगा कमी आणि कंबरडं जास्त तोडतं.”

वेल्डरणीने त्याच दुपारी यंत्र कापलं. त्याच लोखंडाचं दुसरं केलं. ते अडखळलं, तेही कापलं. त्या शेडची रीतच तशी. “फसलेलं यंत्र उभं ठेवलं की ते कारागिराला वेडावत बसतं,” असं सासरे म्हणायचे. “कापा आणि कामाला लावा.” फसलेली वस्तू कुणी जपून ठेवतं, हे त्या घराच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

तिसरं मात्र जमलं. बसायला आसन, पायाखाली सायकलचं पॅडल, खुंट्या गोल आणि त्यांवर रबरी नळी चढवलेली. शेंग सबंध निघायची. जाऊ त्यावर जी बसली ती चार दिवस उठायलाच तयार नाही. “मला इथेच जेवायला आणून द्या,” म्हणाली.

दुसऱ्या टप्प्यात अशी दहा यंत्रं व्हायची होती. आणि इथेच खरी गोम होती. वर्षानुवर्षं वेल्डिंगचे टाके मारताना तोंडावरची काच खाली न घेतल्याने वेल्डरणीचे डोळे खराब झाले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, महिनाभर ठिणगीकडे बघायचं नाही, त्यानंतरही मोजकंच काम. तिने मनाशी ठरवलं, उरलेली नजर या दहा यंत्रांची. ती करता करता दोन बायकांचा हात घडवायचा आणि काच कायमची खुंटीला लावायची. तोवर सासरे घासकाम करायचे तेव्हा ती शेडमध्ये ठिणग्यांकडे पाठ फिरवून बसायची, एखाद्या रुसलेल्या सासूसारखी.

तो महिना संपायच्या आतच तुमचं पत्र आलं. ‘प्राथमिक नमुना फोटोबरहुकूम, चालू स्थितीत, तीन दिवसांनी तपासणीस दाखवावा. न आढळल्यास प्रस्ताव रद्द.’

तिने तुमच्या ऑफिसात फोन लावला.

“साहेब, पहिलं कापलं हो. त्यातूनच चांगलं झालंय. ते बघायला या ना.”

“फाइलीत ज्याचा फोटो आहे ते दाखवा, बाई.”

“पण फाइलीतलं वाईट आहे.”

“चांगलं-वाईट असा रकाना नाही आमच्याकडे. आहे की नाही, एवढंच लिहायचंय.”

नवा ढोल शहरातून लेथवर करून आणायला पंधरा दिवस लागले असते, आणि कोरलेला नंबर तर जुन्याच ढोलावर, जो आता चांगल्या यंत्रात बसवलेला. म्हणजे वाईट यंत्र उभं करायचं तर चांगलं कापायला हवं. दुसरी वाटच नव्हती.

“मी जोडतो,” सासरे म्हणाले. “तू बाहेर जाऊन बस.”

“बाबा, तुमचा हात निम्मा चहा जमिनीला पाजतो. रॉड कसा धराल?”

जाऊ यंत्राच्या आसनावर जाऊन बसली होती. “आधी मला कापा,” म्हणाली. वेल्डरीण ग्राइंडर धरून उभीच राहिली. बऱ्याच वेळाने जाऊ स्वतःच उठली आणि फोटो हातात घेऊन समोर उभी राहिली.

चांगलं करताना हात आपोआप चालतो. वाईट करायला प्रत्येक गोष्ट मापून करावी लागते. वेल्डरणीचा हात सारखा दांडा वर घ्यायचा आणि जाऊ फोटोत बघून ओरडायची, “खाली, ताई, अजून खाली! अजून नीट कंबर मोडेल असा!” तिघंही खो-खो हसली. हसता हसता सासऱ्यांना खोकला लागला आणि मग कुणालाच हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने काच वर केली आणि जावेकडे बघितलं. चेहऱ्याच्या मधोमध तिला नुसता राखाडी डाग दिसत होता.

“तुझं नाक कुठे गेलं गं?”

“वर करून कधी मिरवलंच नाही, तेच रुसून गेलं असेल,” जाऊ म्हणाली आणि कोपऱ्यात जाऊन पदराने डोळे पुसू लागली.

त्याच संध्याकाळी तपासणीवाला आला. माणूस सभ्य होता, पादत्राणं दाराबाहेर काढत होता, जावेने नको म्हटलं. त्याने फोटो यंत्राशेजारी धरला, नंबर वाचला, दांडा रिकामाच दोनदा फिरवला. ढोलात एक वेल घालून बघावा, एवढंही त्याला सुचलं नाही. सांगाड्याच्या बोल्टांमधून तार ओवून त्याने शिशाचं सील दाबलं.

“अभिनंदन. दुसरा टप्पा मंजूर.”

सासऱ्यांनी हात जोडले.

“दहा यंत्रं,” तो लिहिता लिहिता म्हणाला, “या सीलबंद नमुन्याबरहुकूम. दांडा, खुंट्या, उंची, सगळं हेच. फरक आढळला तर मंजुरी रद्द.”

“अहो, पण हे आम्ही तुमच्यासाठी मागे नेलंय!” जाऊ ओरडली. “चांगलं होतं, पायाने चालायचं, मी चालवलंय!”

“असेल. बदल करायचा तर नवा अर्ज, पहिल्या टप्प्यापासून. दीड वर्ष धरा.”

तो कागद गोळा करू लागला. वेल्डरणीने चाचपडत कोपऱ्यातून भुईमुगाची पेंढी उचलून आणली आणि यंत्रावर टाकली.

“एवढी एक पेंढी फिरवा, साहेब.”

“बाई, माझं काम तपासायचं आहे, चालवायचं नाही.”

ती दाराशी जाऊन उभी राहिली. आवाज चढला नव्हता तिचा.

“दीड वर्षाने मला रॉडचं टोक दिसणार नाही. आत्ता दहा यंत्रांपुरतं दिसतंय, तेही दिसलं तर. नव्या शोधासाठी योजना काढलीत ना तुम्ही? मग शोध लागल्यावर तो कुठे ठेवायचा, याचाही रकाना असेलच. बायकांची कंबर मोडणारी दहा बनवू, की तुमचं सील तोडून एकच, बसून चालवायचं बनवू? फाइलीत नका लिहू. वरच्यांना विचारून कळवतो, असंही नको. ही माझी जाऊ उभी आहे, हे माझे सासरे आहेत. यांच्यासमोर तोंडाने सांगा. कोणतं बनवू?”

तो पेनाचं टोपण लावत होता, काढत होता.

“सांगा ना, साहेब. कोणतं?”