माझ्या अंगावरचा अठ्ठावीस

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो, तुम्ही तर जरा पुढेच सरका. मी एक जुना तक्ता आहे आणि लाज कशाशी खातात ते मला ठाऊक नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत, हाडांचा सापळा आणि हात धुवायचं बेसिन यांच्या मधल्या खिळ्यावर माझा मुक्काम. मुलगी वयात येते तेव्हा तिच्या शरीरात काय काय घडतं, ते सगळं माझ्यावर रंगवलंय. वर मेंदू, खाली गर्भाशय, आणि बाजूला मासिक पाळीच्या दिवसांचं गोल चाक.

मला घडवलं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं. रंग असा भडक, की पहिल्याच दिवशी मला बघून भिंतीवरची पाल भोवळ येऊन पडली. खोटं वाटत असेल तर सापळ्याला विचारा, तो तेव्हापासून हसतोय. पेंटर लाख गुणी, पण खोड पाटीवाल्याची. लांबून दिसायला हवं म्हणून चाकाच्या मधोमध त्यानं ‘२८ दिवस’ असं ठसठशीत लिहिलं. नमुन्यात त्याच्या आधी ‘साधारण’ असा शब्द होता. जागा पुरेना, म्हणून पठ्ठ्यानं तो गाळून टाकला!

सुरुवातीला माझं कौतुक झालं. मग पाहुणे येणार म्हटलं की प्रयोगशाळेचे काका मला भिंतीकडे तोंड करून टांगायला लागले. मीही कमी नाही. पंख्याचा वारा आला की गर्रकन फिरायचो. त्यांनी मला तीनदा उलटा केला, तर मी चारदा सुलटा झालो.

एकदा मधल्या सुट्टीत नववीतल्या दोघी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक लांब टांगांची. धावण्यात पटाईत, म्हणून वर्ग तिला नाकतोडी म्हणायचा. हातात छोटी वही, डोळे सुजलेले.

“एक्केचाळीस,” ती म्हणाली. “आणि त्याआधी चौतीस.”

“मोजायला चुकली असशील गं.”

“तीनदा मोजलंय! इथं काय लिहिलंय बघ, अठ्ठावीस. माझ्या आत काहीतरी बिघडलंय. काकू म्हणतच होती, मुलींनी एवढं धावू नये. शर्यतीची यादी आज दुपारी जाणार आहे. मी आत्ताच जाऊन नाव काढते.”

माझ्या अंगावर काटा आला. कापडावर काटा कसा येतो, ते विचारू नका. मित्रांनो, त्या पोरीला काहीही झालं नव्हतं. बिघाड माझ्यात होता! ती दाराकडे वळली, तसा मी जीव खाऊन खिळ्यावरून उडी मारली. धाडकन बेसिनमध्ये.

आवाज ऐकून शेजारच्या वर्गातून विज्ञानाच्या बाई धावत आल्या. “कोणी पाडला?”

“बाई, शप्पथ, हातसुद्धा लावला नाही.”

“मग काय त्यानं स्वतः उडी मारली?”

(बघा, खरं बोललं तरी कोणाला पटत नाही.)

मैत्रिणीनं नाकतोडीची वही बाईंपुढे धरली. बाईंनी आकडे वाचले आणि स्टुलावर बसल्या.

“पाळी सुरू होऊन किती दिवस झाले?”

“आठ महिने.”

“मग ऐक. मेंदूत हायपोथॅलॅमस आहे ना, ती सासू. तिच्या खाली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, ती सून. सासूचा हुकूम सुटला की सून रक्तातून बीजांडकोशांना निरोप धाडते. निरोप म्हणजे हार्मोन. मग बीजांडकोश इस्ट्रोजेन तयार करतात, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. बीजांड बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन ते अस्तर सांभाळतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन उतरतात, अस्तर गळून पडतं. ती पाळी.”

“मग माझी उशिरा का?”

“सासू-सुनेचं पहिल्याच वर्षी जमलेलं तू कुठं पाहिलंस? एखाद्या महिन्यात बीजांड बाहेरच पडत नाही, मग सगळं लांबतं. घडी बसायला दोन-तीन वर्षं लागतात. तीन महिने आलीच नाही, किंवा असह्य दुखलं, तर मात्र डॉक्टरांकडे जायचं. आणि खुशाल धाव. फक्त उपाशीपोटी धावू नकोस, त्यानं खरंच बिघडेल.”

तेवढ्यात काका आले. “पडला का? बरं झालं. माळ्यावर टाकतो, कटकट गेली.”

“काका, आधी मार्कर द्या.”

बाईंनी माझ्या चाकावर, अठ्ठावीसच्या डोक्यावर ‘साधारण’ लिहिलं. खाली लिहिलं, ‘पहिल्या काही वर्षांत २१ ते ४५ दिवसही चालतात.’ काकांनी ते ओठ हलवत वाचलं. मग हळूच म्हणाले, “माझी पोरगी आठवीत आहे. दर महिन्याला चार दिवस कोणाशी बोलत नाही. तिला एकदा इथं आणू का?”

“आजच आणा,” बाई म्हणाल्या.

नाकतोडीनं नाव काढलं नाही. शर्यतीत ती तिसरी आली. पहिली आली असं सांगणार होतो, पण हल्ली आकड्यांच्या बाबतीत मी थापा मारत नाही.

तर मित्रांनो, मला जपा, धूळ पुसा, असलं काही मी मागणार नाही. माझा रंग उडू दे, कडा फाटू दे. मी चुकलो तर खुशाल माझ्या अंगावर लिहा, मला घाण करा. पण मला कोरा करकरीत ठेवायचा म्हणून एखाद्या पोरीला तिच्या वहीसकट गप्प बसवाल, तर याद राखा.