सोललेली फिल्म

वडगावातल्या शालूबाईच्या घरातला शेवटचा माग बंद पडला, त्या वर्षी ती अनगोळात सायनाथच्या पाट्यांच्या कारखान्यात कामाला लागली. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. एका टोकाला लेझरचं मशीन, दुसऱ्या टोकाला शालूबाईचं टेबल. डॉक्टरांच्या, वकिलांच्या नावाच्या ॲक्रिलिक प्लास्टिकच्या पाट्या मशीनवर कोरल्या जायच्या. कोरून झालं की अक्षरांच्या खाचांत भुकटी आणि काजळी बसायची. ती काढायचं काम शालूबाईचं. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, मग सुती फडकं.

हे तिला शिकवलं रचनानं. रचना मशीन चालवायची. हिंडलग्याची पोरगी, तेवीस वर्षांची, डिप्लोमा झालेली. "आक्का, स्पिरिट लावू नगा हं. ॲक्रिलिकला केसागत चिरा पडत्यात," असं पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं. दुपारी दोघी एकाच डब्यातलं खायच्या.

श्रावणात नवीन माल आला. सायनाथनं शालूबाईला मागच्या पडवीत बोलावलं. "आक्का, आता शीटवरची फिल्म तुम्ही हितंच सोलायची. मगच आत द्यायची. येळ वाचतोय."

शीटला ओरखडे पडू नयेत म्हणून वर चिकटवलेली ती पातळ फिल्म शालूबाईनं सोलायला घेतली. आधीच्या फिल्मवर लाल अक्षरं असायची, हिच्यावर निळी होती. इंग्रजी तिला येत नव्हतं. अक्षरं बदलली एवढं तिनं पाहिलं आणि पुढची शीट उचलली.

रचनानं विचारलं, "फिल्म का काढलीसा? फिल्मवरनं कोरलं की काजळी फिल्मवरच बसतीय की."

"सायनाथअण्णांनी सांगितलंय, बाई."

त्या दिवसापासून खोलीत उग्र वास कोंडायला लागला. डोळ्यांतून पाणी यायचं. अक्षरांत आता भुकटी नव्हती, तपकिरी चिकट राळ होती. साबणानं ती हलेना, तेव्हा सायनाथनं थिनरची बाटली आणून दिली. शालूबाईच्या बोटांची सालं निघाली. आठवड्याभरात तिच्या कात्रीवर गंज चढला. मशीनचे चकचकीत रूळही तांबडे पडले.

"अण्णा, ह्यो माल काय बरोबर न्हाय," रचना म्हणाली. "घसा जळतोय माझा."

"ॲक्रिलिकच हाय ते. हवा दमट हाय, म्हणून गंज. पंखा वाढवतो." पंखा काही आला नाही.

शालूबाई दाराजवळ बसायची, वारं तिच्या अंगावरनं जायचं. रचना मशीनवर वाकलेली. ती खोकायला लागली की शालूबाई पाण्याचा तांब्या पुढं करायची. आपणही अण्णांना काही बोलावं, असं दोनदा तिच्या ओठांवर आलं. दोन्ही वेळा तिनं ब्रश उचलला. या वयात दुसरं काम कोण देणार होतं?

महिन्याच्या शेवटी एका शाळेच्या साठ पाट्यांची ऑर्डर होती. सकाळपासून मशीन थांबलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी रचना स्टुलावरून उठली, भिंतीला हात लावला आणि तशीच खाली बसली. ओठ निळे पडलेले. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती. शालूबाईनं आणि सायनाथनं तिला रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसला धूर होता?"

"धूर कुठला, प्लास्टिकची धूळ," सायनाथ म्हणाला. बाहेर आल्यावर शालूबाईला त्यानं हळूच सांगितलं, "आक्का, फिल्मबिल्म काय बोलू नगा. सोलली तुम्हीच हाय."

ती घरी गेली. बंद मागावर धूळ बसू नये म्हणून तिनं कारखान्यातली सोललेली, निळ्या अक्षरांची टाकाऊ फिल्म आणून पांघरली होती. मुलगी प्रियदर्शनी अभ्यास करत बसली होती.

"प्रिया, ह्यावर काय लिवलंय गं?"

प्रियदर्शनीनं वाचलं. "पीव्हीसी." मग मोबाइलवर शोधलं आणि तिचा चेहरा उतरला. "आई, ह्ये ॲक्रिलिक न्हवं, स्वस्तातलं दुसरं प्लास्टिक हाय. लेझरवर घालायचंच न्हाई. ॲसिडचा वायू निघतोय. लोखंडसुद्धा खातोय त्यो."

शालूबाईनं मागावरची फिल्म ओढली, घडी केली आणि पुन्हा दवाखान्याची वाट धरली. डॉक्टरांच्या टेबलावर ती पसरून म्हणाली, "ह्येचा धूर होता. मीच सोललीय."

रचनाची आई बाळाबाई शेजारीच उभी होती. तिनं शालूबाईकडे पाहिलं. "रोज तिच्या डब्यातलं खात हुतीस, आणि ह्ये करत हुतीस?"



उपचार बदलले, रचना वाचली. पण छाती पहिल्यासारखी झाली नाही. पुढं चौकशी लागली. चौकशीच्या साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून शालूबाईनं कानडीत जबाब दिला, फिल्म दाखवली. तोवर पडवीतला माल सायनाथनं हलवला होता, रूळ बदलले होते. साहेबांना तिथं ॲक्रिलिकच दिसलं. फिल्म कुठूनही आणता येते, असं सायनाथ म्हणाला. कागद कुठं तरी अडकले. शालूबाईला त्यानं दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आता ती शहापुरात साड्यांच्या पदराला गोंडे बांधते. बोटांना धागा नीट कळत नाही, म्हणून हळू बांधते.

दिवाळीनंतर ती हिंडलग्याला गेली. बाळाबाईनं दार उघडलं आणि आत वळली. रचना कॉटवर उशांना टेकून बसली होती. चार वाक्यं बोलली की तिला थांबावं लागत होतं.

"आक्का," ती म्हणाली, "अक्षरं येगळी हायत, ह्ये तुम्हाला दिसलं हुतं?"

"दिसलं हुतं."

"मला का न्हाई सांगितलंसा? मी वाचलं असतं की."

"मला वाटलं न्हाई गं सांगावं."

रचनानं डोळे मिटले. श्वास जुळवायला तिला बराच वेळ लागला. मग म्हणाली, "जावा आक्का. दार पुढं ओढून घ्या, वारं लागतंय."

शालूबाईनं दार ओढून घेतलं आणि बसस्टॉपकडे चालू लागली.