काकांच्या नंबरावरचा कोड

"ताई, एकालाही 'उद्या येऊ नका' हा मेसेज गेला नाहीये! मशिन बंद, आणि उद्या सकाळी सगळे पेशंट दारात येऊन उभे राहतील." डायलिसिसच्या सिस्टर दारातूनच म्हणाल्या.

"जातील, सिस्टर. बघतेय मी."

जिन्याखालच्या त्या खोलीत ताई एकटीच बसायची. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरचं सगळं काम तिच्याच गळ्यात होतं. पेशंटना मेसेज पोचवण्याचं काम मात्र बाहेरच्या कंपनीचं. इथला प्रोग्राम कंपनीला आपली किल्ली, म्हणजे अक्षर-आकड्यांचा एक गुप्त संकेत, दाखवायचा, ओळख पटली की मेसेज पुढे जायचे. आज सकाळपासून एकच उत्तर येत होतं: चारशे एक. ओळख पटत नाही.

तिने किल्ली अक्षर न अक्षर ताडून पाहिली. शेवटी एखादी मोकळी जागा चिकटलीय का, तेही पाहिलं. सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे झालं तरी असा नकार येतो, पण घड्याळ चोख होतं. प्रोग्राम बाजूला ठेवून हातानेच एक मेसेज पाठवून बघितला. पुन्हा तेच. म्हणजे खोट आपल्या घरात नव्हती. तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, खातेदारांनी पुन्हा ओळख नोंदवायची होती," पलीकडची मुलगी म्हणाली. "मेलवर मेल पाठवले. उत्तर नाही, म्हणून किल्ली बंद झाली. त्यांच्या मोबाइलवर कोड पाठवते, तो सांगा."

तिने नंबराचे शेवटचे आकडे वाचले. ताईला तो नंबर पाठ होता.

"ते आता नाहीत."

"रजेवर आहेत का?"

"नाही. वारले."

मुलगी हळूच म्हणाली, "नंबर चालू असेल तर घरच्यांना विचारा ना. खातं आजच तुमच्या नावावर करून देते. नाहीतर कागदपत्रांत आठवडा जाईल."

खातेदार होते काका, ताईचे इथले वरिष्ठ; त्यांनीच हा सगळा डोलारा उभा केला होता. वर्षानुवर्षं दोघं समोरासमोर बसली. फार बोलणं नसायचं. पण काका खोकले तरी खोली भरल्यासारखी वाटायची. ते गेले, त्यांचा मेल ऑफिसने बंद केला, खुर्ची कुणीतरी वरच्या मजल्यावर नेली. हे खातं तेवढं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

तिने नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"ताई ना? नाव आलं तुमचं," काकूंचा आवाज आला. "त्यांनी लिहून ठेवलेलं."

"काकू, फोन चालू ठेवलात?"

"ठेवलाय बाई. कुणी करत नाही. पण रोज सकाळी तुमच्या त्या कंपनीचा मेसेज यायचा, 'सेवा सुरू आहे' म्हणून. मला काय कळतंय त्यातलं! पण टुंग वाजलं की वाटायचं, यांचं काहीतरी चाललंय अजून. आज आला नाही."

ताईने कोड मागितला. काकूंनी चष्मा शोधून एकेक आकडा सावकाश वाचला. पलीकडे किल्ली सुरू झाली.

"झालं काम?"

"झालं. काकू, तो सकाळचा मेसेज आता माझ्याकडे येईल."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग हा फोन बंद केला तरी चालेल ना?"

नको म्हणायला ताईकडे कामाचं काही कारण नव्हतं. "हो," ती म्हणाली.

मेसेज भराभर गेले. सिस्टरांनी जिन्यावरूनच "सुटलो बाई!" म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात ताईचा मोबाइल वाजला. सेवा सुरू आहे. ओले हात पुसून तिने काकांचा नंबर लावला. हा क्रमांक सध्या बंद आहे, असं एक बाई सांगू लागली. ताईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आणि लाइन कट झाल्यावर, मनाशी जे ठरवलं होतं ते हलकेच बोलून टाकलं, "काकू, आला बरं का मेसेज."