सातवा भाग नेऊ नकोस

मित्रांनो, मी भाड्याने फिरलेला एक जुना ग्रंथ आहे. ग्रंथ म्हणणंही जास्तच झालं. ‘पाचूच्या कंकणाची कथा’ नावाच्या लांबलचक गोष्टीचा मी सातवा आणि शेवटचा भाग. माझ्या अगोदरचे सहा जण वाचल्याशिवाय मला कुणी हात लावत नाही, आणि मला वाचून झाल्यावर त्या सहांची आठवण कुणाला राहत नाही. शेवटच्या भागाचं नशीब ते.

माझा जन्म हानयांग शहरात, ओढ्याकाठच्या गल्लीत, प्यो नावाच्या पुस्तकवाल्याकडे झाला. परीक्षेत चारदा नापास झालेला हा माणूस बायकांच्या सोप्या लिपीत गोष्टी उतरवून भाड्याने द्यायचा. त्याची बायको माझ्या पानांना तेल लावायची. ती दक्षिणेकडच्या कांगजिन गावची, म्हणून सगळे तिला कांगजिनवाली म्हणत. तेल पिऊन पान जाड आणि चिवट होतं, शंभर हातांतून गेलं तरी फाटत नाही. शिवाय प्रत्येक पानाचा खालचा कोपरा प्यो कोरा सोडायचा. पान उलटताना अंगठा तिथेच पडतो, अक्षरं पुसून जातात, मग बाई भांडायला येते. तो कोपरा म्हणजे अंगठ्याचं घर.

मी वाचणाऱ्यांना अंगठ्यावरून ओळखतो. लसणाचा अंगठा, शिवणकामाने खरबरीत झालेला अंगठा, लेकराच्या लाळेचा अंगठा. बायका घरातलं एखादं भांडं गहाण ठेवून आम्हाला नेत, आणि परत करण्यापूर्वी समासात मन मोकळं करत. ‘पुस्तकवाल्या, हे अक्षर की कोंबडी नाचली?’ ‘चौथा भाग चुलीपाशी वाचू नका, माझा भात करपला.’ ‘मी शिवता शिवता जावेकडून वाचून घेते, तुम्हीही तसंच करा, रडायला सोबत होते.’ एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या बायका अशा एकमेकींना पुस्तकं सुचवत. प्यो चिडून लिखाण खरवडायचा. कांगजिनवाली म्हणायची, “राहू द्या हो. तुमच्या गोष्टीपेक्षा तेच गोड लागतं लोकांना.”

फार कौतुक झालं माझं. माझ्या शेवटच्या पानावर नायिका मेलेल्या नवऱ्यामागे विहीर जवळ करते. प्योने ते पान असं लिहिलं होतं की वाचणारीचा अंगठा थरथरायचा. मला त्याचा अभिमान होता, मित्रांनो. आता सांगायला लाज वाटते.

कारण एका दुपारी कोपऱ्यावरच्या घराच्या थोरल्या सुनेने मला शेवटपर्यंत वाचलं. नवरा जाऊन तिला चाळीस दिवस झाले होते. मी मिटून विहिरीच्या काठावर राहिलो, ती राहिली नाही. त्या काळी अशा सुनेच्या नावाने सरकार घराच्या दारावर लाल कमान उभारून देई. त्या घराला मिळाली. येणारेजाणारे थांबून माना लववत. मला कुणीतरी दुकानात आणून दिलं, एवढंच.

तेव्हापासून माझा खालचा कोपरा कधी सुकला नाही. कांगजिनवालीने मला उन्हात घातलं, गरम जमिनीवर पालथं ठेवलं. शेवाळाचा वास येतच राहिला. “तेल लावलेल्या पानात पाणी शिरतं कसं?” ती स्वतःशीच म्हणाली आणि मला फळीवर सगळ्यात आत सरकवलं.

तिथे मी वीस वर्षं पडून होतो. लसूण नाही, लाळ नाही, कुणी शिव्याही देईना. दुर्लक्षाचं दुःख असतं, पण खरं सांगू? मला जरा सुटल्यासारखं वाटत होतं.

मग ओक्नान आली. त्याच घरातल्या धाकट्या मुलाची बायको, वय एकोणीस. वसंतात तिचाही नवरा तापाने गेला होता. पांढरे कपडे, डोक्यावरून झगा ओढलेला. तिने पहिला भाग नेला. तो परत आला आणि फळीवर माझ्या पाठीला टेकला, तेव्हा त्याच्या अंगालाही शेवाळाचा वास होता. त्याच्या कोऱ्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या घरात, ओली अक्षरं उमटली होती.

‘तू चुलीपाशी वाचतेस ना? नको. धुराने डोळे जातात. मी रांजणांच्या ओट्यामागे बसून वाचायचे, तिथे कुणी येत नाही.’

खाली ओक्नानने कोळशाने उत्तर लिहिलं होतं : ‘बसले. छान जागा आहे. ताई, तुम्ही कोण?’

ती ओली अक्षरं लिहिणाऱ्या हाताने पान धरल्याची खूणच नव्हती, मित्रांनो. अक्षर होतं, अंगठा नव्हता.

दुसरा भाग गेला, तिसरा गेला. ‘ताई, तुम्ही भराभर वाचता की चवीने?’ ‘भराभर. तीच चूक झाली. तू रोज चार पानं वाच, आणि मोठ्याने वाच. स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे.’ बिचारी ओक्नान! त्या घरात तिच्याशी दुसरं कुणी बोलतच नव्हतं.

सहाव्या भागाच्या शेवटच्या कोपऱ्यात लिहिलं होतं : ‘इथेच थांब. सातवा भाग नेऊ नकोस. त्याऐवजी बोकड न्यायाधीशाची गोष्ट ने. फार हसवते म्हणतात. माझी वाचायची राहून गेली. तू वाच आणि मला सांग.’

ओक्नानने बोकड नेला. चार दिवसांतच तिची सासू दुकानात आली आणि तो अर्धामुर्धा वाचलेला बोकड तिने दोन बोटांनी धरून प्योसमोर ठेवला.

“विधवा सुनेला बोकड वाचायला देता? शिकलेले ना तुम्ही?”

“थोरल्या बाई, तिनेच मागितला,” प्यो म्हणाला.

“तिला काय कळतं? ती उद्या येईल, सातवा भाग द्या. घराला शोभेल असं वाचू दे.” जाता जाता तिने हळूच म्हटलं, “एका घरावर दोन कमानी या शहरात कुणाच्या नाहीत.”

दुसऱ्या दिवशी ओक्नान आली. तिने गहाण म्हणून पितळी वाडगा आणि चमचा ठेवला. प्योने भांडी हातावर तोलली, खूश झाला आणि मला काढून दिलं. पितळ चांगलं होतं, त्यापलीकडे त्याला काही दिसलं नाही. वीस वर्षांनी मला अंगठा लागला, बर्फासारखा गार. मला ओरडता आलं असतं तर!

ओक्नान रांजणांपाशी बसली नाही. तिने विहिरीचा काठ गाठला. भर दुपारचं ऊन होतं, आणि माझी पानं उलटायला तिला जोर लावावा लागत होता. पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. एक कोपरा ओला झाला, मग पुढचा. ती वाचतच राहिली, ओठ मिटून, भराभर. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मला कुणी पुरं वाचू नये.

शेवटचं पान काही केल्या उलटेना. ओक्नानने नख घातलं. तेव्हा तिच्या अंगठ्याशेजारी दुसरा अंगठा उमटला, ओला, आतल्या बाजूने. आणि त्याच्याखाली अक्षरं :

‘अगं, बोकडाचं पुढे काय झालं? सांगितलंच नाहीस.’

ओक्नान थांबली. तिचा श्वास माझ्या पानावर पडत होता. “मला नाही माहीत, ताई,” ती विहिरीत बघून पुटपुटली. “त्यांनी पुरा वाचू दिला नाही.”

तेवढ्यात फाटकातून आवाज आला, “ओक्नान! अगं ए पोरी, जेवलीस का?”

कांगजिनवाली होती, घामाघूम. तिच्या एका हातात तो पितळी वाडगा, वाफाळत्या भाताने भरलेला, दुसऱ्या हातात चमचा आणि काखेत बोकड. घरी म्हाताऱ्या प्योला तिने काय सुनावलं ते नंतर गल्लीभर झालं होतं : “अहो शहाणे, सुनेचा चमचा एकच असतो, माहेरून आणलेला. चमचा ठेवून गेली ती जेवणार कशाने? की जेवायचंच नाही तिला?”

पडवीत सासू उभी राहिली. “आमच्या घरातली गोष्ट आहे ही.”

“हो का? मग ऐका, थोरल्या बाई. मी रोज येणार पुस्तक बदलायला. ज्या दिवशी ही पोर मला दिसली नाही, त्या दिवशी दुकानातल्या प्रत्येक पुस्तकाच्या समासात मी लिहीन, का दिसली नाही ते. आणि शहरातल्या बायका समास आधी वाचतात, गोष्ट मागून!”

सासूने हात बाह्यांत घातले आणि ती आत गेली.

ओक्नानने भात खाल्ला. आधी एक घास, मग सगळा. मग बोकड उघडून ती मोठ्याने वाचू लागली. न्यायाधीश बोकड स्वतःचीच दाढी चोरीला गेल्याची फिर्याद स्वतःकडे नोंदवतो, तिथे कांगजिनवाली खदखदून हसली, ओक्नानही हसली. मी तिच्या मांडीवर होतो, मी मोजलं. काठावर हसणाऱ्या दोघी होत्या. हसू तिघींचं आलं.

पुढे ओक्नान प्योकडे पुस्तकं उतरवून देऊ लागली. हात तिचा सुरेख होता, कोंबडी नाचल्याची तक्रार बंद झाली. सासू अखेरपर्यंत तिच्याशी बोलली नाही, पण रोज भात मात्र वाढत राहिली. आणि माझा कोपरा सुकला. त्या वासाची मला इतकी सवय झाली होती की सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, मला तेल लावा, वाळवीपासून जपा, कोपरे दुमडू नका, हे तर मी सांगेनच. सगळीच जुनी पुस्तकं सांगतात. पण माझं खरं मागणं निराळं आहे. एखादं पुस्तक तुम्हाला फार आवडलं की ते दुसऱ्याच्या हातात कोंबायची घाई होते. देण्यापूर्वी तो हात एकदा हातात घ्या. गार लागला, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि जरा वेळ तिथेच बसा. आम्ही थांबू. आम्हाला कसली घाई आहे?