डावा पाय आधी

श्यामलाबाईंनी पाय उचलला, हवेत धरला आणि पुन्हा पायरीवरच ठेवला. खाली अलसूरच्या तळ्यातली होडी वीतभर लांब सरकली आणि परत येऊन दगडाला टेकली.

"डावा," मागून सूर्यकांत म्हणाले. "आधी डावा."

"डावाच उचलला होता."

"उजवा होता. मी बघतोय ना."

होडीवाला यल्लाप्पा वल्हं मांडीवर आडवं टाकून दोघांकडे पाहत होता. पाऊण तास या नवरा-बायकोनं त्याची होडी अडवली होती आणि ती काठापासून हातभरही पुढे गेली नव्हती. शेवटी त्याला राहवेना.

"अण्णा," तो कन्नडमध्ये म्हणाला, "होडीत डावा पाय आधी कोण टाकतं? अम्मांना उजवाच टाकू द्या. तळ्यातली गंगम्मा रागावेल."

"गंगम्माचे गुडघे दुखत नाहीत," सूर्यकांत म्हणाले.

श्यामलाबाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पाय टाकला. उजवा. गुडघा लचकला. यल्लाप्पानं दंड धरला नसता तर त्या तळ्यातच गेल्या असत्या.

•

सूचना ४. जहाज मोठे असल्याने धक्क्याला लागत नाही. ते समुद्रात उभे राहील. जहाजाच्याच लहान बोटीतून (टेंडर) किनाऱ्यावर नेण्यात येईल. बोट लाटेबरोबर वर-खाली होते. खलाशी हात पुढे करील. त्याचा पंजा धरू नये, कोपराखाली घट्ट धरावे. तो सांगेल त्याच क्षणी पाऊल टाकावे. ज्यांना स्वतःच्या पायांनी चढता-उतरता येत नाही त्यांनी जहाजावरच थांबावे.

•

मूळ पत्रक इंग्रजीत होतं. सूर्यकांतांनी श्यामलाबाईंसाठी ते मराठीत उतरवून घेतलं आणि शेवटच्या वाक्याखाली पट्टी लावून रेघ ओढली. चौतीस वर्षं त्यांनी लेथ बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली होती. एकदा शिक्का मारलेला माल ते परत हातात घेत नसत.

जहाजाची दोघांची तिकिटं मुलानं आणली होती. सुशांत कोरमंगलातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि अठ्ठ्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा घसघशीत बोनस मिळाला होता. चामराजपेठेतल्या घरी जेवताना त्यानं सहलीचा नकाशा ताटाशेजारी पसरला.

"सिंगापूरहून निघायचं, अप्पा. चौथ्या दिवशी थायलंडचं हे बेट. सकाळी आठ ते दुपारी एक."

त्या बेटावर कोण राहतं ते तिघांनाही माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी लेकीनं, कस्तुरीनं, तिच्याबरोबर हॉटेलात काम करणाऱ्या पद्मनाभशी लग्न केलं. घरी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तेव्हा सूर्यकांत दारात उभे राहून म्हणाले होते, "तू माझा उंबरा ओलांडायचा नाहीस, मी तुझा ओलांडणार नाही." पुढे दोघं नवरा-बायको त्या बेटावरच्या हॉटेलात नोकरीला गेली. तिथं मुलगी झाली. तिचं नाव रक्षिता ठेवलं, हे सुशांतकडून कळलं.

सूर्यकांतांनी भात कालवला. कालवतच राहिले.

"जहाज धक्क्याला लागतं?"

"नाही. छोट्या बोटीनं जावं लागतं धक्क्यापर्यंत."

"धक्का म्हणजे सरकारी जागा."

"हो, म्हणजे असणारच."

"म्हणजे कुणाचं घर नव्हे."

श्यामलाबाईंच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. सुशांतनं आईकडे पाहिलं आणि घाईघाईनं नकाशाची घडी घातली.

"मी तिला कळवतो," तो म्हणाला. "धक्क्यावर ये म्हणून."

"तुझ्या आईला भेटायचं असेल तर कळव," सूर्यकांत म्हणाले.

•

तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. अडचण उजव्या गुडघ्याची होती. डोलत्या बोटीत जो पाय आधी पडतो त्याच्यावर सगळा भार येतो, आणि श्यामलाबाईंचा उजवा गुडघा भार घेईनासा होऊन तीन वर्षं झाली होती. डावा धड होता. पण एकसष्ट वर्षं त्या कुठंही शिरल्या त्या उजव्या पायानं शिरल्या होत्या. माप ओलांडून या घरात आल्या तो उजवा, बसमध्ये चढताना उजवा, दोन्ही बाळंतपणांना दवाखान्यात पाऊल टाकलं तोही उजवाच. मनानं डावा म्हटलं तरी पाय ऐकत नव्हता.

अलसूरच्या तळ्यानंतर सूर्यकांतांनी घरीच सोय केली. दोन लाटणी जमिनीवर ठेवून त्यांवर पाट. पाट डुगडुगे. पलंगाच्या कडेवरून उतरून त्या पाटावर पाऊल टाकायचं. समोर सूर्यकांत, हात पुढे केलेला.

"थांब. थांब. आता!"

"ओरडू नका हो. शेजारच्या राजलक्ष्मी अक्का विचारत होत्या, रोज संध्याकाळी तुमच्याकडे भांडण कसलं असतं म्हणून."

"पंजा नको धरू. कोपराखाली."

"लग्नात पंजाच धरला होता तुम्ही."

"आता!"

वहीत नोंदी आहेत. सोमवार, विसापैकी सहा वेळा डावा. गुरुवार, अकरा. पुढचा बुधवार, सतरा. एकदा पाट निसटला, लाटणं कपाटाखाली गेलं. शेवटच्या आठवड्यात रोज विसापैकी वीस. तिथं सूर्यकांतांनी लाल पेनानं सही केली आहे.

सही करून ते म्हणाले, "तिथं उतरल्यावर मी कुठंतरी बाकावर बसेन. तुम्ही दोघी बोला."

"आणि तुम्ही काय करणार? समुद्र मोजणार?"

"मी सामानाकडे बघेन."

"सामान कुठलं? एक पिशवी."

"मग पिशवीकडे बघेन."

श्यामलाबाईंनी पाट उचलून भिंतीला टेकवला. लाटणी धुवायला नेली.

•

सूचना ७. वारा किंवा लाटा वाढल्यास पूर्वसूचना न देता बोटी बंद करण्यात येतील.

•

हिच्याखाली रेघ नव्हती, पण पान बोटांनी मऊ झालं होतं. सिंगापूर सोडल्यापासून सूर्यकांत दिवसातून चारदा हवामानाचा फलक पाहून येत. जेवताना पेल्यातलं पाणी किती हलतं ते बघत. तिसऱ्या दिवशी पाणी हललं आणि त्यांचं जेवण राहिलं.

बोटींवर काम करणारा एक खलाशी कारवारचा निघाला. उमाजी त्याचं नाव, पन्नाशीचा, मनगटं वल्ह्यासारखी. डेकवर मराठी ऐकून तो स्वतःच येऊन उभा राहिला होता आणि श्यामलाबाईंना अक्का म्हणू लागला होता.

"उद्या अक्कांना तूच हात दे," सूर्यकांतांनी त्याला बजावलं. "उजवा पाय अधू आहे. डावा आधी टाकेल. तयारी पक्की आहे."

"भिऊ नका, अण्णा. रोज तीनशे माणसं उतरवतो."

"त्यातली पाण्यात किती पडतात?"

उमाजी मोठ्यांदा हसला. सूर्यकांत उत्तराची वाट पाहत उभे राहिले.

•

चौथ्या दिवशी आठ वाजता जहाजाच्या पोटातलं, पाण्यालगतचं दार उघडलं. बाहेर नारिंगी टपाची बोट. एकदा तिची कड पायांच्या बरोबरीनं येई, एकदा हातभर खाली जाई. मधली फट उघडे आणि मिटे, आणि मिटताना रबरी पट्ट्या किंचाळत. पलीकडे बरंच पाणी, आणि त्याच्यापलीकडे पांढऱ्या रेघेसारखा धक्का.

दाराशी गोरा अधिकारी उभा होता. बोटीत उमाजी पाय फाकवून उभा. रांग पुढे सरकत होती. लोक हसत होते, कुणी टोपी सांभाळत होतं. सूर्यकांत श्यामलाबाईंच्या मागे होते, एका हातात पिशवी, दुसरा हात बायकोच्या पाठीपासून बोटभर अंतरावर.

"या, अक्का," उमाजीनं हात पुढे केला. "थांबा. थांबा. आता!"

पाय पुढे गेला. उजवा.

"डावा!" सूर्यकांत ओरडले. त्यांनी श्यामलाबाईंना मागे ओढलं. बोट खाली गेली.

"परत," उमाजी म्हणाला. "घाई नाही. थांबा... आता!"

उजवा.

आता रांगेतले लोक मान वाकडी करून बघू लागले होते. सूर्यकांतांच्या कपाळावर घाम आला होता. "अगं, पाट आठव," ते बायकोच्या कानाशी म्हणाले. "पलंग आणि पाट. बाकी काही नाही."

तिसऱ्यांदा सूर्यकांतांनी डोळे मिटून घेतले होते. श्यामलाबाईंचं पाऊल उचललं गेल्याचं त्यांना लुगड्याच्या आवाजानं कळलं, आणि लगेच अधिकाऱ्याचा शांत आवाज. त्यानं तळवा आडवा धरला होता. सॉरी मॅडम. त्यानं दोघांना बाजूच्या स्टुलाकडे जायची खूण केली आणि मागच्या लोकांना पुढे बोलावलं.

श्यामलाबाई स्टुलावर बसल्या.

"विसापैकी वीस," सूर्यकांत म्हणाले. "काल केबिनमध्येसुद्धा जमलं होतं. काल!"

"तो पाट होता."

"माझंच चुकलं. मी ओरडायला नको होतं."

"तुमचं काही चुकलं नाही."

ते वाकून बायकोचा गुडघा चोळू लागले. लोक त्यांना वळसा घालून बोटीत उतरत होते. बोट निम्मी भरली. पाऊण भरली.

"जाऊ दे," सूर्यकांत म्हणाले. "मीही थांबतो. वर जाऊन चहा घेऊ."

"आणि ती?"

त्यांचा हात गुडघ्यावर थांबला.

"सात वाजल्यापासून येऊन उभी असेल," श्यामलाबाई म्हणाल्या. "पोर कडेवर असेल. प्रत्येक बोट आली की बघेल. एक वाजेपर्यंत बघत राहील. कुणी सांगायला नको?"

"या साहेबाकडे निरोप देऊ."

"या साहेबाला तिचा चेहरा माहीत आहे?"

दाराशी आता सातआठ माणसं उरली होती.

"तुम्ही नुसते जा. आईचा पाय चालला नाही, एवढं सांगा."

"आणि मग?"

"मग काय?"

"एवढं सांगून झाल्यावर. मग मी काय बोलू?"

सूर्यकांतांनी हे इतक्या हळू विचारलं की श्यामलाबाईंना मान वर करावी लागली. त्यांनी नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"पिशवीत फ्रॉक वरच आहे. डबा खाली आहे, चकल्या मोडतील, आडवा धरू नका. फ्रॉक लहान झाला तर तसं सांगा. वितीनं मापच घेऊन या, पोरीच्या पाठीचं."

"मी?"

"स्वल्प लवकर. बोट सुटतेय."

ते दाराशी गेले. उमाजीनं हात पुढे केला. सूर्यकांतांनी त्याचा पंजाच धरला, दोन्ही हातांनी, पिशवीसकट, आणि तो 'थांबा' म्हणत असतानाच पाऊल टाकलं. बोट उसळली. उमाजीनं त्यांना कवेत घेऊन बाकावर बसवलं आणि स्वतः उडी मारून जहाजात परत आला. दोर सुटला.

बोट दूर होईपर्यंत सूर्यकांत मागे वळून पाहत होते. मग पाठ दिसली. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी उभी धरली होती.

•

उमाजीनं ओले हात पँटला पुसले.

"कमाल केलीत, अक्का. अण्णा भिऊन गेले. आणू का आता खुर्ची?"

श्यामलाबाई बोटीकडे पाहत होत्या.

"काल तुम्ही खुर्चीचं विचारून गेल्यावर साहेबांशी बोलून ठेवलंय," तो म्हणाला. "नियमात बसत नाही, पण समुद्र शांत असेल तर चालेल म्हणालेत. तुम्हाला खुर्चीत बसवून दोघं उचलून ठेवू. पाय टाकायलाच नको. ही बोट परत आली की पहिल्यांदा तुम्ही."

"परत यायला किती वेळ लागेल?"

"चाळीस मिनिटं."

त्यांनी मनाशी काही हिशेब केला. ओठ हलले.

"मग हिनं नको. हिच्यानंतरच्या बोटीनं जाईन."

उमाजी वाकला. "अक्का, वारा बघताय ना? आठपासून वाढतोय. पुढची बोट मी सांगू शकतो. तिच्या पुढची सुटेल असं मी कसं सांगू? साहेबांनी बंद म्हटलं की बंद. लेक तिकडं, तुम्ही इकडं."

"सरी, बंद तर बंद," श्यामलाबाई म्हणाल्या. "तरी तिच्या पुढचीच. त्यांना तोंड उघडायलाच चाळीस मिनिटं लागतील."

बोट आता ठिपक्याएवढी झाली होती. एका लाटेमागे गेली, परत दिसली.

"उतरताना त्यांना हात द्यायला तिथं कुणी असतं?"

"असतं की."

त्यांनी मान हलवली आणि पदर खोचून घेतला. पुढची लाट दाराच्या कडेवरून आत आली, स्टुलाखालून वाहत गेली. उमाजी एक पाऊल मागे सरला. श्यामलाबाईंची पावलं घोट्यापर्यंत भिजली. त्यांनी ती मागे घेतली नाहीत.