सव्वाशे मीटर

"काका, फोटो थोडा सरकवू काय?" दीपालीने फोनवर विचारले.

हरिहर जोगळेकरांनी नुकताच डबा उघडला होता. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरत ते म्हणाले, "कशाला सरकवायचा? आधी काय दिसतंय ते सांग."

असे फोन त्यांना नवे नव्हते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्या सर्वेक्षण कंपनीत त्यांचा हुद्दा आरेखकाचा होता, पण निम्म्या जिल्ह्यातली नकाशे करणारी पोरे त्यांना नकाशाचे डॉक्टर समजत. कुणाचा नकाशा उघडायचाच नाही; मग काका विचारत, फाइल एकटीच कॉपी केलीस का, तिच्या बरोबरच्या बाकीच्या तीन कुठे आहेत? कुणाला पडदा पांढराफटक दिसायचा. काका सांगत, अरे, तू गुहागरच्या समुद्रात फिरतोयस, थर निवडून त्याच्यावर झूम कर. कुणाची अक्षरे चौकोन होऊन येत, कुणाचा कॉम्प्युटर उपग्रहाचे चित्र उघडताना झोपी जाई. काका न चिडता, न बघता, नुसते ऐकून दुखणे सांगत. बत्तीस वर्षांपूर्वी ते मेणकापडावर शाईने नकाशे काढायला लागले, तेव्हा डोंगराची एक समोच्च रेघ चुकली की पात्याने खरवडून काढावी लागे. तेव्हापासून चुकीबद्दल त्यांना आदर होता.

दीपाली देवरूखला होती. तालुक्याच्या कामासाठी कंपनीने तिला तिकडे बसवले होते. दरडीच्या धोक्यातल्या गावांची यादी पावसाळ्याआधी पुन्हा तपासायची, म्हणून गेल्या आठवड्यात ड्रोनने नवे फोटो काढले होते. त्यातलाच सडेखोल गावाचा फोटो तिने गेल्या वर्षीच्या नकाशाखाली घातला होता.

"डोंगरावरची भेग फोटोत स्पष्ट दिसतेय, काका. पण आपला धोक्याचा पट्टा तिच्यावर बसत नाहीय. पट्टा वहाळाच्या पात्राच्या अलीकडे, भेग पलीकडे. फोटो सरकवला तर अगदी फिट्ट बसतोय. सरकवू?"

"सरकव" हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. ड्रोनचे फोटो कधीकधी सरकलेले येतातच.

"घरं बसतायत का बघ. शाळा, देऊळ, रस्ता?"

पलीकडे माउसची टिकटिक झाली. "सगळं बरोबर बसतंय. नुसता पट्टाच तेवढा…"

"किती अंतर पडतंय? मोज."

"सव्वाशे मीटरच्या वर. वायव्येला."

हरिहरांनी हातातला पोळीचा तुकडा डब्यात ठेवला. डबा तसाच उघडा ठेवून ते उठले.

"दीपाली, काही सरकवू नको. हात लावू नको कशाला. मी फोन करतो."

सव्वाशे मीटर आणि वायव्येला. हे अंतर त्यांच्या ओळखीचे होते. आपल्याकडच्या जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशांना पृथ्वीचे एक माप, आणि आजच्या जीपीएसला दुसरे. कुठले माप वापरले ते नकाशाबरोबरच्या एका चिमुकल्या फाइलीत लिहिलेले असते. ती फाइल हरवली आणि जुने माप नवे म्हणून वाचले, की आपल्या भागात सगळे एवढेच सरकते. नव्या पोरांना हे त्यांनी शंभरदा सांगितले असेल.

त्यांनी गेल्या वर्षीचे फोल्डर उघडले. भूवैज्ञानिकांनी डोंगर बघून धोक्याचा पट्टा कागदी नकाशावर आखला होता. तो कागद दुसरीकडे कुठेतरी संगणकावर चढवून त्यांच्याकडे आला होता. त्या पट्ट्याच्या फाइलीबरोबर तेव्हा ती चिमुकली फाइल आली नव्हती. आता होती, पण तिच्यावरची तारीख गेल्या वर्षीच्या सतरा मेची होती, आणि बनवणाऱ्याच्या जागी त्यांचेच नाव होते.

त्यांना तो दिवस आठवेना. आठवत होती ती फक्त सॉफ्टवेअरची छोटी खिडकी: या फाइलीचे माप कोणते? खाली यादी. बाकी सगळे थर नव्या मापाचे, म्हणून त्यांनी नवे निवडले असणार आणि 'ठीक' दाबले असणार. पट्टा डोंगरावर पडला, डोंगरावरच पडायचा होता, म्हणून पुढच्या गावाकडे वळले असणार.

माप बदलून त्यांनी पट्टा पुन्हा टाकला. तो वहाळ ओलांडून थेट भेगेखाली जाऊन बसला. अलीकडची सहा घरे मोकळी झाली आणि पलीकडची पाच घरे पट्ट्यात आली.

ती सहा घरे गेल्या जूनमध्ये खाली करून घेतली होती. पलीकडची पाच घरे अख्खा पावसाळा भेगेखाली झोपली होती.

हरिहर बाहेर आले. रस्त्यावर आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो उभा होता, पेंढ्याचा वास सुटला होता. ते कंपाउंडच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. चहावाल्याने कप पुढे केला तो त्यांनी घेतला आणि न पिता पाण्याच्या पंपाच्या ओट्यावर ठेवून दिला. मग आत येऊन तोच पट्टा त्यांनी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बसवून पाहिला. दर वेळी तो पाच घरांवरच बसला. मग त्यांनी यादीतल्या उरलेल्या दहाही गावांच्या फाइली एकेक करून तपासल्या. त्या ठीक होत्या. सोबत यायची ती चिमुकली फाइल फक्त सडेखोलच्याच पट्ट्याबरोबर आली नव्हती.

कंपनीचे मालक अनिल सावंत चाळिशीच्या आतले, हुशार. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि खुर्चीत मागे टेकले.

"काका, फाइल अर्धवट आली यात तुमचा काय दोष? आपण लिहू, सॉफ्टवेअरच्या तांत्रिक त्रुटीमुळे."

"सॉफ्टवेअरने विचारलं होतं," हरिहर म्हणाले. "उत्तर मी दिलं."

"बरं. पण असं पत्र गेलं तर पुढचं काम आपल्याला कोण देणार? आठ दिवस थांबा. नव्या यादीत गुपचूप दुरुस्ती घालू. दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून कोण बघतंय?"

"ती नवी यादी मंजूर होईपर्यंत जून उजाडेल. त्या पाच घरांना आज कळायला हवं. आणि त्या सहांनाही कळायला हवं की त्यांना उगाच उठवलं."

अनिलनी हातातले पेन मिटले. "मग पत्र तुमच्या सहीने जाऊ दे. आणि काका, राग मानू नका, पुढच्या कामांवर मला तुमचं नाव घालता येणार नाही."

"नका घालू."

पत्र सहा ओळींचे झाले. चूक काय, कुणाची, कशी दुरुस्त केली, कोणती घरे. संध्याकाळी पाचच्या आत ते ईमेलने तहसील कार्यालयात गेले. हरिहरांना वाटले होते, पत्र गेले की जीव थाऱ्यावर येईल, पण आला नाही. घरी आल्यावर त्यांच्या पत्नी उमाताईंनी विचारले, "डबा तसाच कसा परत आणलात?" त्यांनी सगळे सांगितले. उमाताई ऐकून घेऊन एवढेच म्हणाल्या, "मग उद्या तिकडे जाऊन या. नुसता कागद पाठवून तुमचं समाधान होणार नाही."

सकाळच्या पहिल्या एसटीने ते देवरूखला उतरले. दीपाली स्कूटर घेऊन स्टँडवर आली होती. सडेखोलला वाट संपते तिथे स्कूटर लावून दोघे जांभ्याच्या पायऱ्यांनी चढले. हरिहरांच्या हातात जीपीएस होता. भेगेच्या दोन्ही टोकांना उभे राहून त्यांनी आकडे घेतले. भेगेत हात कोपरापर्यंत जात होता. आकडे काल दुरुस्त केलेल्या नकाशाशी जुळले. जुळू नयेत असे त्यांना क्षणभर वाटून गेले होते.

भेगेखालच्या पहिल्या घरी चिमाबाई अंगणात कोकमे वाळत घालत होत्या. दीपालीने ओळख करून दिली. हरिहर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगितले की तुमचे घर धोक्यात आहे, गेल्या वर्षीच होते, नकाशात चूक झाली, ती माझ्या हातून झाली.

चिमाबाईंनी वर डोंगराकडे पाहिले. "गेल्या पावसात वर सारखा वाजायचा. दगड सुटल्यावानी. आमी म्हनायचो, माकडा असतील. कागदात आमचा घर भाईर हाय म्हटल्यावर आनी काय समजनार?"

पावसाआधी देवरूखजवळच्या निवाऱ्यात हलावे लागेल, हे हरिहरांनी सांगितले.

"शेळ्या न्यायला मिळतील काय तिकडं?" चिमाबाईंनी विचारले.

"मी लिहून घेते," दीपाली म्हणाली. "उद्या तहसीलची माणसं येतील, त्यांच्यासमोर बोलू."

"उद्या कशाला? आजच बाकीच्यांना गोला करते." चिमाबाईंनी कोकमांचे सूप उचलून ओटीवर ठेवले आणि शेजारच्या घराकडे हाक मारत गेल्या. दोन पावलांवरून वळून म्हणाल्या, "पावसाच्या आदी सांगितलात. ह्ये बरा केलात."

या शब्दांनी हरिहरांना आणखीच अवघडल्यासारखे झाले. त्यांच्यावर कुणी ओरडले असते तर बरे झाले असते.

वहाळात पाणी नव्हते. दगडांवरून पाय टाकत ते अलीकडच्या बाजूला आले. रिकामी केलेली सहा घरे इथली. दीपालीने सकाळीच फोन करून ठेवला होता, त्यामुळे रघू भुवड देवरूखजवळच्या पत्र्याच्या निवाऱ्यातून येऊन थांबला होता. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. त्याच्या मागे घर नव्हते. जांभ्याच्या चिऱ्यांचे जोते होते आणि कमरेएवढ्या उरलेल्या भिंती.

"कौला, वासे सगला काढून न्हेला," रघू म्हणाला. "ठेवला असता तर चोरीला गेला असता. थोडा तिकडं पत्र्याखाली लावला, थोडा इकला."

हरिहरांनी त्यालाही सांगितले. कालपासून मनात तयार केलेली वाक्ये होती, पण त्यातली दोनच बाहेर आली. तुमचे घर धोक्यात नव्हते. चूक माझी होती.

रघूने ते शांतपणे ऐकले. "म्हंजे आमचा घर बरा होता?"

"हो. बरं होतं."

"पुडं पन बरा असता?"

"हो."

रघू जोत्याकडे वळला. एका चिऱ्यावर पालवी फुटली होती, ती त्याने वाकून उपटली. "आय रोज इचारते, घरी कदी जायचा. मी सांगतो, सरकार सांगंल तेवा." तो किंचित हसल्यासारखा झाला. "आता काय सांगू?"

हरिहर जोत्याजवळ आले. "तहसीलदारांकडे मी तुमच्याबरोबर येईन," ते म्हणाले. "पुन्हा बांधायला मदत मिळायला हवी. चूक माझी आहे हे मी लिहून दिलंय, तुमच्यासमोर तोंडानेही सांगेन. आज, उद्या, बोलवाल तेव्हा."

"याल ना खरंच?"

"येईन."

रघूने मान हलवली. ऊन चढत होते. दीपाली थोड्या अंतरावर कुंपणाशी उभी होती, तिने तोंड वहाळाकडे फिरवले होते. रघूला एकदम काहीतरी सुचले असावे.

"उनात कशाला उबे? आत या," तो म्हणाला.

तो जोत्याच्या पुढच्या बाजूला गेला. जिथे एकेकाळी दार होते तिथे, दोन भिंतींमधल्या मोकळ्या जागेसमोर, त्याने पायातल्या चपला काढून एका बाजूला नीट लावल्या आणि एक पायरी चढून आत गेला. "ही पडवी," त्याने हात पसरून दाखवले. "हय माजघर. चूल त्या कोपऱ्यात."

हरिहर खाली वाकले. बुटांची नाडी सोडायला त्यांना वेळ लागला. मग ते रघूच्या चपलांशेजारी बूट ठेवून, अनवाणी पायांनी, तापलेल्या चिऱ्यांवरून आत गेले.